त्रेचाळीस नवे किती? द्विशिक्षकी शाळेतलं एक प्रकरण

४३ गुणिले ९ बरोबर ३६२७. तिसरीतल्या एका मुलाच्या वहीतलं हे उत्तर. बाईंनी त्यावर फुली मारली होतीच, पण शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘तीन नवे सत्तावीस, चार नवे छत्तीस. पाढे येतात.’ तालुक्याच्या गट साधन केंद्राकडून विषय साधन व्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मदत करणारा माणूस, म्हणून शाळाभेटीला गेलो की मी आधी वह्या बघतो; भिंतीवरचे तक्ते आणि व्हरांड्यातली चित्रं नंतर. तक्ते भेटीसाठी रंगवता येतात. अशी पेन्सिलीतली ओळ कुणी माझ्यासाठी लिहीत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहायला एक कारण आहे. प्रशिक्षणात आम्ही शिक्षकांना ‘माझा शैक्षणिक दृष्टिकोन’ असा एक पानभर मजकूर लिहायला सांगतो. गठ्ठा गोळा होतो आणि पानं एकमेकांची भावंडं निघतात. मूल म्हणजे मातीचा गोळा, शिक्षक म्हणजे कुंभार, शिक्षक प्रेमळ असावा, संयमी असावा, अभ्यासू असावा. खोटं त्यात काहीच नसतं. फक्त ते पान वाचून, उद्या सकाळी वहीत ३६२७ दिसल्यावर हा शिक्षक काय करेल, याचा अंदाज लागत नाही. माझ्या मते दृष्टिकोन कळायचा तो तिथेच.

गाव, शाळा, दोन शिक्षक

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेजवळ, बोरी नदीच्या अंगाचं गाव. नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. घराघरात अहिराणी. वावरात कापूस, पाऊस बरा असेल तर मका. ज्यांना वावर नाही अशी काही घरं पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतात आणि दिवाळी झाली की दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर, आणि त्यातून आधी उचल वळती व्हायची. परत येणं होळीच्या आसपास, कधी थेट आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. ज्या घरात सांभाळायला म्हातारं माणूस नाही, किंवा तान्हं मूल बरोबर न्यायचं आहे, तिथली मोठी पोरंही ट्रकमध्ये बसतात.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी गुरुजींकडे, मुख्याध्यापकाचा कार्यभारही त्यांच्याकडेच. गुरुजी याच पट्ट्यातले, अहिराणी बोलणारे, गावातल्या तीन पिढ्या ओळखणारे. पोरं त्यांच्या शर्टाला धरून चालतात. कुणाची वही संपली तर ते खिशातून आणून देतात आणि त्याचा उच्चारही करत नाहीत. तिसरी-चौथीच्या बाई बदलीनं नुकत्या आलेल्या, यावलकडच्या. कमी बोलणाऱ्या, शिस्तीच्या. टाचणाच्या वहीखेरीज त्यांच्याकडे आणखी एक वही होती आणि त्यात प्रत्येक मुलाच्या नावाखाली फक्त त्यानं केलेल्या चुका उतरवलेल्या असत. चुका म्हणजे तक्रारी नव्हेत. उत्तर जसंच्या तसं, तारखेसकट.

गावाला विचारलं असतं की यातला चांगला शिक्षक कोण, तर सगळ्यांनी गुरुजींकडे बोट दाखवलं असतं. मीही बहुधा तेच केलं असतं.

मुलगा

आई-बाप ऊसतोडीचे. पहिलीत आणि दुसरीतही अर्धं वर्ष तो पडावावर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या मुक्कामी, होता. तिसरीत होळीनंतर परतला तेव्हा वर्ग बराच पुढे गेला होता. अंगानं थोराड, वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसणारा. गुरुजींच्या वर्गात असताना घंटा वाजवणं, पिण्याच्या पाण्याची टाकी भरणं आणि परिपाठाला रांगा लावणं ही कामं त्याच्याकडे होती आणि ती तो झकास करायचा. गुरुजींचं म्हणणं, “उसाच्या फडातून आलेलं पोर. त्याला काय फळ्यापाशी उभं करून रडवायचं? शाळेत येतंय, रमतंय, हे काय कमी आहे?”

बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला फळ्यापाशी उभं केलं. तो अहिराणीत काहीतरी बोलला, बाई म्हणाल्या, “नीट बोल.” त्यानंतर तो वर्गात बोलायचाच बंद झाला. बाईंची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या घरची बोली तावडी. डी.एड.ला असताना त्या बोलीवरून मुली त्यांना हसत असत. आपल्या वर्गातल्या पोरांवर कुणी हसू नये म्हणून त्या प्रमाण मराठीचा आग्रह धरत होत्या. हेतू निर्मळ होता, परिणाम मात्र असा की वर्गातला सगळ्यात पक्का तोंडी हिशेब करणारा मुलगा त्यांच्या समोर मुका झाला.

दोन अर्धी माहिती

गोष्ट उलगडली ती मधल्या सुट्टीत, खिचडी वाटून झाल्यावर, व्हरांड्यात चहा घेताना. बाईंनी मला ती चुकांची वही दाखवली. त्या मुलाच्या पानावर ३६२७ एकटं नव्हतं. २६ गुणिले ४ चं ८२४ होतं, ५२ गुणिले ६ चं ३०१२ होतं. प्रत्येक ठिकाणी पाढा अचूक, आणि दोन्ही उत्तरं एकमेकांना चिकटवून लिहिलेली. बाईंना चुकीचा साचा दिसला होता, तो आला कुठून हे समजत नव्हतं.

गुरुजी सहज बोलून गेले, “गंमत आहे. दिवाळीआधी कापूस वेचायला मायसोबत जातो तेव्हा सगळ्या बायांचा हिशेब हाच करतो. त्याना हिशोब चुकस नही.”

बाईंनी कप खाली ठेवला. मुलाला बोलावलं. या वेळी प्रश्न गुरुजींनी विचारला, अहिराणीत: मायनं त्रेचाळीस किलो कापूस वेचला, किलोला नऊ रुपये, किती झाले? मुलानं वर बघितलं आणि घडघडा सांगितलं, “चाळीसना तीनशे साठ, वरला तीनना सत्तावीस. तीनशे सत्त्याऐंशी.”

बाईंनी त्याचीच वही उघडून ३६२७ वर बोट ठेवलं. “आणि हे? मायला एवढे मिळाले तर?”

तो हसला. बाईंच्या देखत पहिल्यांदाच. “इतला पैसा कोन देस, बाई?”

मला या प्रसंगात मुलाच्या हुशारीचं फारसं नवल वाटलं नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरातल्या बाजारात विकायला बसणाऱ्या पाच मुलांचा असाच अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गिऱ्हाईक म्हणून विचारलेले हिशेब त्या मुलांनी ९८ टक्के बरोबर केले. त्याच तऱ्हेची गणितं नुसते आकडे मांडून कागदावर दिली तेव्हा ३७ टक्केच जमली. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचंही तेच दिसलं. शिवाय उलट बाजूही दिसली: शाळेत पुस्तकी गणितं करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब अडत होते. एकीकडचं आपोआप दुसरीकडे जात नाही. मध्ये कुणीतरी पूल बांधावा लागतो, आणि त्या कामासाठीच शिक्षकाला पगार मिळतो.

नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गुरुजींना हा मुलगा तोंडी हिशेबात पक्का आहे हे वर्षानुवर्षं माहीत होतं. पण त्यांच्या लेखी ती गावातली हुशारी होती, शाळेच्या गणिताशी तिचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. बाईंकडे चुकीची नेमकी नोंद होती, पण मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता. तो चहा झाला नसता तर प्रगतिपत्रकावर ‘गणितात अधिक सरावाची गरज’ एवढी ओळ आली असती आणि मुलगा तसाच पुढे गेला असता.

माया आणि मेहनत

इथं खानदेशातल्या शिक्षकाला साने गुरुजी आठवल्याशिवाय राहत नाहीत. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला आलेला हा तरुण १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत शिकवत राहिला. आमच्याकडे निरोप समारंभाच्या प्रत्येक भाषणात त्यांचं मातृहृदय येतं. पण छात्रालयाची जबाबदारी घेतल्यावर त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं, ते भाषणांत क्वचितच येतं. दैनिक, म्हणजे रोज. दिवसभर शिकवून झाल्यावर, स्वतःच्या हातानं, छात्रालयातल्या मुलांसाठी. ते लिहायला मुलांचं बोलणं ऐकावं लागत असणार, काय वाचतात, कुठं अडतात, कशावरून भांडतात यावर लक्ष ठेवावं लागत असणार. आपण त्यांच्यातली माया घेतली आणि रोजचं लिहिणं सोडून दिलं, असं मला फार वेळा वाटतं.

आमचे गुरुजी या अर्ध्या वारशाचे. त्यांची माया खरी होती. पण त्या मुलाला घंटा आणि पाण्याची टाकी देऊन त्यांनी त्याची सुटका केली ती अपमानातून, आणि त्याबरोबर गणितातूनही. दया दाखवताना आपण मुलाकडून काही अपेक्षाच ठेवत नाही, हे दया दाखवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मुलाच्या मात्र बरोबर येतं. बालशिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांत एक असं आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि त्यानुसार लागेल ती जादा शिकवणी द्यायची. कलमाची भाषा रुक्ष आहे. पण प्रेमाचं वर्गातलं रूप कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हेच कलम दाखवेन.

माझा कौल म्हणून बाईंकडे झुकतो. त्या मुलाशी गोड बोलत नव्हत्या, पण त्याच्या चुकीला त्यांनी अभ्यास करण्याजोगी वस्तू मानलं होतं. त्यांना जे येत नव्हतं ते, म्हणजे त्याच्या बोलीत त्याचं ऐकणं, शिकता येण्यासारखं होतं, आणि त्या ते शिकल्या.

पुढचे महिने

बाईंनी केलं ते थोडक्यात असं. आधी त्याला फळ्यापासून हलवलं आणि शेजारी बसवलं. तो अहिराणीत बोलेल तसं त्या पाटीवर उतरवत गेल्या: ३६० एका ओळीत, त्याखाली २७, खाली रेघ, ३८७. मग त्याला विचारलं, तुझ्या ३६२७ मधले हे छत्तीस खरे किती? दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढले, खेळातल्या दहाच्या नोटा काढल्या. नोटा हातात असल्या की सगळं बरोबर. नोटा बाजूला ठेवून नुसते आकडे दिले की पुन्हा ३६२७. दशक-सुट्ट्यांच्या साहित्यावर फार विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. साहित्यानं समजतं, पण ते आपसूक कागदावर उतरत नाही.

उपयोग झाला तो एका साध्या सवयीचा. लिहायच्या आधी अंदाज सांगायचा. त्रेचाळीस नवे चारशेच्या वर जाईल की खाली? हजाराच्या जवळ तरी जाईल का? कापसाच्या हिशेबात हा अंदाज त्याच्या अंगात होताच, वहीशी मात्र त्याची गाठ पडलेली नव्हती. अंदाज आधी लिहायला लागल्यावर चिकटवलेली उत्तरं त्याची त्यालाच खटकू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत गुणाकार मार्गी लागला. शाळेत ‘नीट बोल’ हे शब्द बंद झाले. आधी आपल्या बोलीत सांगायचं, मग पुस्तकाच्या भाषेत, असा क्रम ठरला. तसं बोलताना प्रमाण भाषेत बाईंपेक्षा मुलंच कमी अडखळू लागली, हे बाईंनीच मला हसत सांगितलं.

वजाबाकीवरून मात्र वाद झाला. ५०० मधून ३८७ वजा करताना तो दुकानदारासारखा वर चढत जायचा: ३८७ ला तेरा घातले की चारशे, वर शंभर, एकशे तेरा. बाईंनी त्याला तसंच लिहू दिलं. भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी वही पाहून विचारलं, पुस्तकातली उसने घ्यायची पद्धत कुठे आहे? बाई म्हणाल्या, “साहेब, उत्तर कसं आलं ते त्याला सांगता येतंय. उसन्याची रीत दाखवली आहे, तो येईल तिच्याकडे.” शेरा काय पडला ते मी विचारलं नाही.

दुसरा वाद अधिक खरा होता. बाई या मुलापाशी बसत तेव्हा चौथीच्या दोन मुली तिसरीच्या लहानांना वाचून दाखवत. त्यातल्या एकीचे वडील शाळेत आले. “माझी पोर इथं शिकायला येते की शिकवायला?” प्रश्न रास्त होता. दोन वर्ग आणि एक शिक्षक असताना एका मुलाला दिलेला वेळ कुठून तरी काढलेला असतो, आणि तो ज्यांच्यातून काढला त्यांना कुणी विचारत नाही. बाईंनी त्या मुलीच्या वह्या वडिलांपुढे ठेवल्या, तिचं मागे पडलेलं काहीच नव्हतं. तरी त्यांनी वेळ कमी केला. शाळा भरण्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं या मुलासाठी ठेवली. सगळ्या बाईंना हे शक्य नसतं. याच बाईंना ते शक्य होतं कारण त्या गावातच खोली घेऊन राहत होत्या. अशा व्यवस्थेवर शिक्षणाचं धोरण उभं राहू शकत नाही, हे मला मान्य आहे.

गुरुजींना मात्र लागलं होतं. मला एकट्याला गाठून म्हणाले, “म्हणजे दोन वर्षं मी त्याच्याकडून नुसतं पाणीच भरून घेतलं?” मी काही बोललो नाही. नाही म्हणणं खोटं ठरलं असतं आणि हो म्हणणं अर्धवट, कारण तो मुलगा होळीनंतर शाळेत परत आला तोच गुरुजींसाठी. ऊसतोडीहून आलेली कितीतरी पोरं गळतात. हा गळला नाही. त्यानंतर गुरुजींनी एक वही घातली. त्यात गणित नसे. कोण घरी काय करतं, कुणाचा बाप कुठं गेलाय, कोण दुकानावर बसतं, कोण म्हशी चारतं, असल्या नोंदी असत. ती वही दर शनिवारी बाईंच्या टेबलावर यायची.

दिवाळी

मुलगा चौथीत आला आणि दिवाळीचा प्रश्न उभा राहिला. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. मुलं गावातच राहतात, जेवणाखाण्याची आणि देखरेखीची व्यवस्था शाळेमार्फत होते. गुरुजी त्या घरी जाऊन बसले, एकदा नाही, अनेकदा. आजी तयार होती. बाप अर्धा तयार झाला. अडलं ते धाकट्या बहिणीपाशी. ती दोन वर्षांची. फडात आई-बाप तोडणीला लागले की तिला कोण बघणार? शाळेतला कुठलाही दृष्टिकोन या प्रश्नाला पुरा पडत नाही. त्यात वसतिगृहाची मंजुरी यायच्या आधी मुकादमाचा ट्रक आला.

मुलगा गेला. नियमाप्रमाणे शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता यावं. पण कार्ड महाराष्ट्राचं, आणि पडावाजवळची शाळा गुजराती माध्यमाची. बाईंनी सोबत एक कोरी वही दिली. रोज किती टन झाले, किती पैसे झाले, उचलीतून किती फिटली, एवढंच लिहायचं.

आखाजीच्या आधी तो परतला. वहीची पहिली काही पानं भरलेली होती, पुढची बापानं फोन नंबर लिहायला आणि चुना गुंडाळायला फाडलेली. भरलेल्या पानांवरचे गुणाकार सगळे बाईंच्या रीतीनं मांडलेले, बेरजा बरोबर. उचल किती फिटली ते दर आठवड्याला वर चढत जाऊन काढलेलं. भागाकार एकही नव्हता, आणि मराठी वाचन होतं तिथून मागे सरकलं होतं.

पाचवीसाठी त्याला शेजारच्या मोठ्या गावात जावं लागणार होतं. गुरुजींनी आणि बाईंनी मिळून तिथल्या सरांसाठी एक पान लिहिलं. सध्या प्रशिक्षणात मी नमुना म्हणून दाखवतो ते हेच पान, आणि दोघांच्या परवानगीनं त्याचा मजकूर इथं देतो: ‘तोंडी हिशेब उत्तम, त्यापासून सुरुवात करा. गुणाकार विस्तारानं मांडतो, तसंच करू द्या. वजाबाकी वर चढत जाऊन करतो, ती चूक नाही. भागाकार शिकवून झालेला नाही, आमच्याकडून राहिला. वाचन दुसरीच्या पातळीवर. अहिराणीत विचारलं तर बोलतो. दिवाळीच्या महिनाभर आधी घरी जाऊन आजीला आणि वडिलांना भेटा, बहीण आता अंगणवाडीत बसेल.’

जूनमध्ये त्या सरांचा बाईंना फोन आला. भागाकार उसाच्या टनांवरून सुरू करू की कापसाच्या किलोवरून, असं ते विचारत होते. बाई म्हणाल्या, उचलीवरून करा, तो रोज तिचाच विचार करत असतो.